हाक, घंटा आणि भोंगा

३१ मार्च १९६४ ह्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास बोरीबंदरहून दादरकडे एक ट्राम निघाली. मुंबईतील ती शेवटची ट्राम. तिला निरोप द्यावयास रस्त्याच्या दुतर्फा माणसे जमली होती, आणि लालबागच्या एका चाळीच्या गॅलरीत आजीचे बोट धरून मीही उभा होतो. माझे वय तेव्हा आठ वर्षांचे. ट्राम दिसली ती क्षणभर. ऐकू आली ती मात्र बराच वेळ. प्रथम रुळांची घरघर, मग चालकाने पायाने वाजविलेल्या घंटेचा ठणठणाट आणि शेवटी दूर जाणारी, विरत चाललेली खडखड. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा आजी अंथरुणावर उठून बसली होती. "पहिली गाडी गेली नाही रे अजून," ती म्हणाली. आणि मग ती आता जाणारच नाही, हे तिला आठवले. आमच्या घरात घड्याळ होते. पण आजीला अक्षरओळख नव्हती आणि घड्याळाच्या काट्यांवर तिचा विश्वासही नव्हता. तिचा दिवस कानांनी चाले.

आज मला ज्या इतिहासाविषयी बोलावयाचे आहे तो ह्या कानांनी चालणाऱ्या दिवसाचा आहे. इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कागदपत्रे, नाणी, शिलालेख, पडके वाडे उभे राहतात. आवाजाचा असा भग्नावशेष मागे उरत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या भायखळ्याचे छायाचित्र मिळेल, त्या भायखळ्याचा गलबला मिळणार नाही. तो ऐकणारे कान मातीला मिळाले की तोही गेला. म्हणून शहराच्या आवाजाविषयी लिहिणाऱ्याला दुसऱ्या वस्तूंच्या आडून तो हुडकावा लागतो: गाडीच्या चाकाला लोखंडी धाव होती की रबर, रस्त्यावर दगड होते की डांबर, घोडे किती, कायदा कोणत्या साली झाला आणि तो करण्याची पाळी का आली, असल्या चौकशा कराव्या लागतात.

पूर्वीची शहरे शांत होती आणि यंत्रांनी ती शांतता मोडली, असे जे सरसकट सांगितले जाते ते मला पटत नाही. इसवी सनापूर्वी ४५च्या सुमारास रोम शहरात दिवसा मालाच्या गाड्या आणावयास बंदी करणारा नियम झाला. परिणाम इतकाच झाला की गाड्या रात्री येऊ लागल्या. पुढे दीडशे वर्षांनी जुव्हेनल नावाच्या कवीने तक्रार केली ती ह्याच गाड्यांची. ह्या शहरात झोप फक्त श्रीमंतालाच परवडते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये दगडी फरसबंदीवरून धावणाऱ्या लोखंडी चाकांचा खडखडाट इतका असे, की एखाद्या धनिकाच्या घरी दुखणे निघाले तर घरासमोरच्या रस्त्यावर गवताचा जाड थर पसरीत. ज्याच्या दारापुढे गवत पसरणारे कोणी नव्हते त्याचे काय होत असे, ते सांगावयास नको.

मुंबईचेही तसेच. गोविंद नारायण माडगावकर ह्यांचा 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले, तेथला कापूस विलायतेस जाईनासा झालेला, आणि त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आलेले, असा तो काळ. माडगावकरांच्या पानापानांतून माणसांची, गाड्याघोड्यांची, बाजारपेठांची वर्दळ वाचकाच्या अंगावर येते. बैलांचे खटारे, प्रवाशांचे छकडे, साहेबलोकांच्या बग्ग्या, शिग्राम, पालख्या वाहणाऱ्या भोयांचे हाकारे, ओझी वाहणाऱ्यांचे "बाजू, बाजू" असे ओरडणे. ह्यांत शांतता कोठून असणार? बैलगाडीच्या कोरड्या आसाचे करकरणे ज्याने ऐकले आहे तो जुन्या काळाच्या नीरवतेचे गोडवे गाणार नाही.

तरीही त्या गलबल्यात आणि आजच्या गोंगाटात एक भेद होता, आणि माझ्या मते तो आवाजाच्या मोठेपणाहून अधिक महत्त्वाचा आहे. त्या आवाजांना बहुधा धनी असे. कोणी तरी कोणाला तरी काही सांगत असे. मराठीत 'आवाज देणे' ह्याचा अर्थच हाक मारणे असा आहे. वासुदेवाच्या चिपळ्या वाजल्या की दान काढावयाचे. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तार रस्त्यात टणत्कारली की गाद्या काढावयाच्या. कल्हईवाल्याची आरोळी आली की पितळेची भांडी हुडकावयाची. धार लावणारा, बोहारीण, पाववाला, कुल्फीवाला, प्रत्येकाचा सूर निराळा, आणि तो शब्दांवरून नव्हे, सुरावरून ओळखावयाचा. किंबहुना त्यांतले शब्द पुष्कळदा कळतच नसत. आमच्या चाळीत एक म्हातारा मीठ विकावयास येई. तो नक्की काय ओरडतो ह्याविषयी आम्हां मुलांत पैजा लागत; पण तो आला आहे हे तिसऱ्या मजल्यावरच्या आंधळ्या आक्काबाईंनाही समजे.

ह्या हाकांच्या शहरात यंत्राचा पहिला मोठा आवाज शिरला तो १६ एप्रिल १८५३ रोजी. बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली, तिला तीन इंजिने जोडली होती आणि सलामीच्या एकवीस तोफा झडल्या. पण आगगाडी आपल्या रुळांनी, आपल्या कुंपणातून जाई. रस्त्याच्या आवाजात खरा पालट केला ट्रामने. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. आरंभी गाड्या वीस आणि घोडे सुमारे दोनशे; बंद होण्याच्या सुमारास घोड्यांची संख्या तेराशेंच्या वर गेली होती. तेराशे घोडे म्हणजे पाच हजारांहून अधिक नाल. तो टापांचा आवाज दिवसभर दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर चालू राही, आणि त्याच्या जोडीला व्हिक्टोरियांच्या घोड्यांच्या टापा असतच. व्हिक्टोरिया पुढे फार काळ टिकल्या. घोडागाड्यांतून हौसेच्या फेऱ्या मारणे बेकायदा असल्याचा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला, आणि त्यानंतर टापांचा आवाजही रस्त्यांवरून हळूहळू निघून गेला.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली, आणि घोड्यांच्या टापांची जागा चालकाच्या पायाखालच्या घंटेने घेतली. ही घंटा यंत्राची खरी, पण तिच्यामागे माणूस होता. ती किती जोराने, किती वेळा वाजवावयाची हे त्याच्या पायावर आणि त्याच्या स्वभावावर अवलंबून असे. मुले रुळांवर असली की एक तऱ्हा, हातगाडीवाला आडवा आला की दुसरी. १९२६ साली बस आली तेव्हा तिच्यातही कंडक्टरच्या दोरीची घंटा होती. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. 'डबल बेल' हा शब्द मुंबईच्या मराठीत 'निघू या' ह्या अर्थी इतका रुळला की ज्याने बसचे तोंड पाहिले नाही असा गावाकडचा पाहुणाही तो दोन दिवसांत बोलू लागे.

घंटेवरून घड्याळाकडे वळतो. विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद ह्या कापसाच्या व्यापाऱ्याने त्यासाठी देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव त्यास दिले. आईची दृष्टी गेलेली होती, आणि जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे तर वेळ समजावी, म्हणून मुलाने ही टोल्यांची सोय केली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, ती लोकांना खरी वाटावी ह्यातच त्या काळच्या घड्याळाचे मर्म आहे. घड्याळ ही पाहावयाची वस्तू आहे असे आपण आज धरून चालतो. तेव्हा ते ऐकावयाचे असे. ह्या मनोऱ्यातून एके काळी सोळा निरनिराळ्या धुना वाजत, ब्रिटिशांचे राष्ट्रगीत त्यांत होतेच. दिवसात तास किती झाले आणि राज्य कोणाचे आहे, दोन्ही गोष्टी एकाच घंटेतून कळत.

गिरणगावात मात्र राजाबाईचे टोले पोचत नसत. तेथे राज्य होते भोंग्याचे. कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली, आणि पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, डिलाईल रोड हा सारा टापू धुरांड्यांनी भरून गेला. ज्यांच्या घरात घड्याळ नाही अशा हजारो माणसांना भोंगा उठवी, बोलावी आणि सोडी. प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा सूर वेगळा होता आणि शेजारपाजारच्या बायका त्यावरून कोणाच्या नवऱ्याची पाळी सुटली ते सांगत. आजी त्यांतलीच. ट्रामने तिची पहाट होई आणि भोंग्याने दुपार.

भोंग्याविषयी बोलताना गळा दाटून आणण्याची आता पद्धत पडली आहे. कथा-कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून तो फार वाजला. मला तो आवडत असे; पण तो प्रेमाची हाक होता असे मी म्हणणार नाही. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. म्हणजे कालपर्यंत ज्या वेळी भोंगा होई त्याच्या ३९ मिनिटे आधी, अधिक अंधारात, तो होऊ लागणार. त्या महिन्यात काही गिरण्यांतील कामगार ह्या नव्या वेळेविरुद्ध खवळून उठले. पुस्तकी इतिहासात ही घटना एखाद्या ओळीत येते, पण मला ती मोठी वाटते. वेळ कागदावर बदलली होती. कामगारांनी ती ऐकली आणि नाकारली. नगरपालिकेनेही आपली घड्याळे पुढे कित्येक वर्षे जुन्याच मुंबई वेळेवर ठेवली.

आणि गिरणीच्या आत काय होते? शेकडो साचे एकाच छपराखाली धडधडत असत. लँकेशायरमधील मागांवर काम करणाऱ्या स्त्रिया एकमेकींच्या ओठांच्या हालचालींवरून बोलत, हे प्रसिद्ध आहे. आमच्या चाळीतील साचेवाले हातांनी बोलत, आणि पाळी संपवून घरी आले की दारातूनच ओरडून बोलत. लहानपणी मला वाटे की हे लोक भांडकुदळ आहेत. त्यांचे कान गेले होते हे फार वर्षांनी उमगले. तेव्हा त्याला कोणी दुखणे म्हणत नसे. 'गिरणीत आहे' एवढे म्हटले की पुरे होई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. त्यांतले कित्येक पुन्हा वाजलेच नाहीत. एके काळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी आज दुकानांचे प्रचंड संकुल आहे, आणि तेथे येणाऱ्या मोटारींची रांग पार रस्त्यावर आलेली असते.

आता ह्या मोटारीकडे येऊ. आज आश्चर्य वाटेल, पण मोटार जगात आली तेव्हा शहाण्या माणसांनी तिचे स्वागत केले ते तिच्यामुळे शहरे शांत होतील म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील कित्येक जाणकार असे लिहीत होते, की घोड्याचे नाल आणि लोखंडी धावा जाऊन रबरी चाके आली की रस्त्यावर ना लीद राहील ना खडखडाट. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. एक मोटार एका घोडागाडीहून शांतच असते. त्यांनी फक्त मोटारी मोजल्या नाहीत. मुंबईत १९११ साली टॅक्सी आली आणि तेव्हा तिचे कौतुक झाले. आज एकट्या मुंबईत नोंदलेल्या वाहनांची संख्या ४० लाखांच्या पुढे गेली आहे.

मध्यंतरी एक संधी येऊन गेली. १९६२ साली मुंबईत ट्रॉलीबस सुरू झाली. वर तारांतून वीज घ्यावयाची, खाली रबरी चाकांवर चालावयाचे. रूळ नाहीत, डिझेलची धडधड नाही. मी तीत बसलो आहे. तिच्या नि:शब्द चालण्याचे आम्हांला कौतुक वाटण्याऐवजी हसू येई, कारण गाडी सुरू झाली हे कळतच नसे आणि उभी माणसे तोल जाऊन एकमेकांवर पडत. १९७१ साली ती बंद झाली. तिच्यासाठी कोणी रस्त्याच्या कडेला उभे राहिले नाही.

परंतु मुंबईच्या, आणि दिल्ली, हैदराबाद, इंदूर, बंगळूर ह्या सर्वच शहरांच्या, गोंगाटाचा प्राण इंजिनात नाही, तो हॉर्नमध्ये आहे. ध्वनिशास्त्राचे जाणकार सांगतात की वाहन ताशी साधारण पन्नास किलोमीटरच्या वर गेले म्हणजे इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता ह्यांच्या घर्षणाचा आवाज अधिक होतो. आपल्या शहरांत दिवसा तो वेग यावयाचा कोठून? येथे वाहने रांगतात. आणि रांगणारे वाहन हॉर्न वाजविते.

ह्या हॉर्नचा जन्मही हाकेतूनच झाला. रबरी फुग्याचा तो पहिला 'पों पों' म्हणजे पूर्वीच्या "बाजू, बाजू"चे यांत्रिक रूप. समोर माणूस आहे, त्याला सावध करावयाचे, एवढेच त्याचे काम. आपल्याकडील मालमोटारींना बाजूचे आरसे नसत किंवा असून उपयोगाचे नसत, रस्ता एकपदरी असे, आणि मागच्याने आवाज दिल्याशिवाय पुढच्याला तो आहे हेच कळत नसे. म्हणून 'हॉर्न ओके प्लीज' ही विनंती गाडीच्या पाठीवर रंगविलेली असे. तीत सभ्यपणा होता, बरे का. मला हाक मारा, मी वाट देतो, असे ती म्हणे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ही अक्षरे रंगविण्यास मनाई केली. पण तोवर विनंतीचा अर्थ केव्हाच उलटला होता. सिग्नलला तांबडा दिवा आहे, पुढे पन्नास गाड्या आहेत, कोणीही हलू शकत नाही, आणि मागचा मनुष्य हॉर्नवर हात दाबून बसला आहे. तो कोणाला काय सांगत असतो? पुढच्याला तो सांगत नाही, कारण पुढचा असहाय आहे हे त्याला दिसते. तो कोणालाच काही सांगत नाही. आपला जीव त्रासला आहे एवढेच तो शहरावर ओततो.

ह्या आवाजाचे मापन 'डेसिबल' ह्या एककाने करतात. त्याची एक खोच ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दहा डेसिबलनी आवाज वाढला म्हणजे त्याची शक्ती दसपट होते, पण कानाला तो जेमतेम दुप्पट झालासा वाटतो. कान असा दयाळू आहे, आणि आपली फसगत होते ती ह्याच दयेमुळे. २००० साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये ह्यांच्या भोवतालच्या १०० मीटरांत दिवसा ५० आणि रात्री ४०. मुंबईच्या हमरस्त्यावर हे आकडे म्हणजे कविकल्पनाच म्हणावयाची. गेल्या वर्षी एका नातलगाच्या उशाशी मी एका रुग्णालयात तीन रात्री काढल्या. खिडकीखाली 'शांतता क्षेत्र' अशी पाटी होती. रोग्यास झोपेची गोळी देत होते आणि सोबत्यास कापसाचे बोळे.

हे नियम सरकारला आपण होऊन सुचले नाहीत. १९८५ साली डॉ. यशवंत त्रिंबक ओक ह्यांनी गोंगाटाविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयात याचिका केली. आवाजाने माणूस आजारी पडतो हे म्हणणेच तेव्हा पुष्कळांना हास्यास्पद वाटे. गोंगाटाला कंटाळणारा मनुष्य एक तर तऱ्हेवाईक, नाही तर सणावारांचा वैरी, अशी समजूत होती. पुढे ह्या कामाला इतरांचे हात लागले, आणि १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयी विस्तृत निकाल दिला. वस्तीत रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत, अपवादाचा प्रसंग सोडून, हॉर्न वाजवू नये, असे त्यात सांगितले आहे. त्या खटल्याचा आरंभ कशातून झाला ते सांगितले पाहिजे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार होत असता तिने मारलेल्या हाका शेजारी लागलेल्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात कोणालाच ऐकू गेल्या नाहीत, आणि पुढे त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले, अशी बातमी वृत्तपत्रांत आली होती. ती वाचून एका अभियंत्याने न्यायालयाचे दार ठोठावले. गोंगाटाच्या इतिहासात किती डेसिबल हा प्रश्न येतोच. पण त्याखाली कोण ऐकू आले नाही, हाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मोजण्याचे यंत्र नाही.

जुव्हेनलचा उल्लेख मी आधी केला, तो मुंबईतील दोन रस्त्यांमुळे पुन्हा आठवतो. १९९७च्या सुमारास मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांची योजना हाती घेण्यात आली. वाहतूक जमिनीवरून उचलून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपाशी नेण्यात आली. महंमदअली रस्त्यावरचा अडीच किलोमीटरांच्या जवळपास लांबीचा पूल २००२ साली खुला झाला. दाट वस्तीच्या जुन्या इमारती, खाली बाजार, आणि माजघरात डोकावीत जाणाऱ्या मोटारी. त्याच सुमारास पेडर रोडवरही एक उड्डाणपूल व्हावयाचा होता. तेथील रहिवाशांनी त्यास कसून विरोध केला. त्यांत लता मंगेशकर आणि आशा भोसले ह्याही होत्या. तो पूल झाला नाही. ज्या गळ्यांनी साऱ्या देशाचे कान तृप्त केले त्यांनी आपल्या खिडकीपुढील शांतता राखण्यासाठी आवाज उठविला ह्यात मला काही गैर वाटत नाही. त्यांचा आवाज पोचला. महंमदअली रस्त्याच्या तिसऱ्या मजल्यावरचाही तसाच पोचावयास हवा होता.

गोंगाटाने आणखी एक गोष्ट केली. ती सावकाश झाल्यामुळे कोणाच्या ध्यानात आली नाही. त्याने हाका मारणाऱ्यांचा धंदा बुडविला. फेरीवाल्याचा गळा चार मजले चढू शकत असे, कारण खाली फारसे काही आडवे येत नसे. आता त्याच्या हातगाडीवर लहानसा ध्वनिक्षेपक असतो आणि त्यात कोणा तिसऱ्याच माणसाने म्हटलेली आरोळी भरलेली असते. कांदे-बटाटे असोत की जुने भंगार असो, तोच सूर पुण्यात, तोच नागपुरात, तोच बडोद्यात. विकणारा मुका आणि यंत्र बोलते. त्याला मी दोष कसा देऊ? गळा फोडून तो हॉर्नशी किती झुंजणार? आणि ध्वनिक्षेपक ज्याने घराघरांत नेला त्या रेडिओवरून मी हे बोलत आहे, ह्याचेही मला भान आहे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. चाळीतल्या एका खोलीत रेडिओ आला की साऱ्या मजल्याने तो ऐकावा, अशी रीत होती. शेजाऱ्याची परवानगी त्या काळी कोणी विचारीत नसे.

२०२०च्या जानेवारीअखेर मुंबईच्या पोलिसांनी एक गमतीदार चित्रफीत प्रसिद्ध केली. काही चौकांतील सिग्नलांना त्यांनी आवाजमापक यंत्रे जोडली होती. हॉर्नचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितके वाजवाल तितके थांबाल. लोक हसले, परदेशांतूनही वाहवा झाली. दोन महिने होतात न होतात तोच मुंबई अशी गप्प झाली, की तसे कोणत्याही पोलिसांना जमले नसते. लोकलगाड्या थांबल्या आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. त्या दिवसांत दुपारी बारा वाजता मला आमच्या रस्त्यावर कोकिळा ऐकू आली. ती दरवर्षी ओरडत असणार. समोरच्या इमारतीतील तान्ह्या मुलाचे रडणे, खालच्या मजल्यावरील म्हाताऱ्याचा खोकला, कोणाच्या तरी कुकरची शिटी, हे सारे नव्याने ऐकू आले, आणि आपण इतक्या माणसांत राहतो हे कळून मी थोडा बावरलो. ती शांतता मात्र सुखाची नव्हती. तिच्यातून मधूनच रुग्णवाहिकेचा भोंगा जाई, आणि पूर्वी ज्याच्याकडे आम्ही ढुंकून पाहत नव्हतो तो आवाज ऐकताच प्रत्येक खिडकीत एकेक डोके येई. तो कोणाकडे चालला आहे, हे सर्वांना जाणून घ्यावयाचे असे.

नंतर गोंगाट परत आला. २०२३च्या सप्टेंबरात जुन्या दुमजली तांबड्या बसगाड्या गेल्या, ऑक्टोबरात प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली, आणि रस्त्यावर विजेच्या बसगाड्या वाढू लागल्या. त्या खरोखरच शांत आहेत. इतक्या, की युरोपात २०१९ पासून विजेच्या नव्या मोटारींना मंद वेगात मुद्दाम कृत्रिम आवाज काढण्याची सक्ती करावी लागली. न पाहता रस्ता ओलांडणाऱ्यांना, मुख्यतः अंधांना, मोटार आली हे कळेना. मोटार कशी वाजावी, तिने गुणगुणावे की घरघरावे, ह्यावर तेथील अभियंते आणि संगीतकार डोकी एकत्र करून बसले आहेत.

परवा दादरला मी बसची वाट पाहत उभा होतो. शेवटची ट्राम जेथे येऊन थांबली त्याच परिसरात. शेजारी पांढरी काठी घेतलेला एक तरुण उभा होता. गाडी आली, विजेवरची, दारे उघडल्याचा हलकासा फुसकारा झाला तेवढाच. मागच्या रिक्षांचे आणि मोटारींचे हॉर्न चालूच होते. तरुणाने मान किंचित तिरकी केली आणि माझ्या दिशेने विचारले, "काका, गाडी आली ना? कितवी आहे?"

मला दोनदा सांगावे लागले. दुसऱ्यांदा ओरडून.